अपुरे वायरिंग आणि चाचणी अहवाल

उरण येथे १९८२ साली वायू टरबाईनवर वीजनिर्मिती सुरू झाली. तथापि तेथील नव्या घरास वीजजोडणी हवी असल्यास परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल आवश्यक असतो. एकाने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने पुरे केले, की अडचण उद्भवते. गिलाव्याखाली बुजलेल्या तारा त्याने पाहिलेल्या नसतात. मग सही कशाच्या आधारे करावयाची? त्याचा नकार हा आडमुठेपणा समजू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक तार व जमीन यांच्यामध्ये मेगरने ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजावा. तो किमान १ मेगओहम भरला पाहिजे. अर्थिंगचे सांधे खाऱ्या हवेत लवकर गंजतात, तेही उघडून पाहावेत. जे सर्किट उणे ठरेल, त्यापुरती भिंत फोडणे क्रमप्राप्तच आहे.