ऊसतोडीच्या हंगामातील विद्यार्थी व संस्थांचे सहकार्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व पाथर्डीसारख्या शेजारच्या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ समजला जातो. हंगाम बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात मुलाचे नाव एका जिल्ह्याच्या पटावर व मूल दुसऱ्या जिल्ह्यातील कोपीत, अशी स्थिती असते.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ९ अन्वये स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ग्रामीण भागात मुख्यतः जिल्हा परिषदेवर आहे. परंतु फडावर पहाटे कोण जाणार? येथे स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य मोलाचे ठरते. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविल्या, त्या याच गरजेतून. संस्थेचा कार्यकर्ता कोप्या मोजू शकतो, पालकांचा विश्वास मिळवू शकतो व शिकवूही शकतो. पटावर नाव, दाखला, पाठ्यपुस्तके व शालेय पोषण आहार या गोष्टी मात्र शासकीय व्यवस्थेतूनच मिळावयाच्या. दोहोंपैकी एक अंग लंगडे पडले की मूल मध्येच राहते. फडावर पाच महिने शिकलेले मूल गावी परतल्यावर केवळ ‘गैरहजर’ ठरावे, हा त्याच्यावर अन्यायच होय.

दुसरी व्यवस्था हंगामी वसतिगृहाची. मूल गावीच आजी-आजोबांजवळ राहते व शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली त्याच्या जेवणाची सोय होते. ही व्यवस्था अधिक चांगली. कारण शाळा सुटत नाही. तथापि तिच्यातही एक उणीव राहून जाते. मुलाला मागे ठेवतात व त्याच्या बहिणीला बरोबर नेतात. आई ऊस तोडीत असता तान्ह्या भावंडाला सांभाळावयास कोणीतरी हवेच. अशा मुलीच्या पालकांस शिक्षणाचे महत्त्व कितीही पटविले तरी तान्हे मूल सांभाळण्याचा प्रश्न सुटत नाही. तो कारखान्याजवळील अंगणवाडीने वा पाळणाघराने सुटू शकतो. त्यासाठी महिला व बालकल्याण विभाग, कारखाना व संस्था यांनी गाळप सुरू होण्यापूर्वीच एकत्र बसावे लागते. मुलींच्या उपस्थितीचा विचार शिक्षण विभागाने एकट्याने करून भागत नाही, तो यामुळेच.

साखरशाळा स्वतंत्र असावी की मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवावे, याविषयी मतभेद आहेत. वाट सुरक्षित व अंतर बेताचे असेल तेथे शाळेत बसविणेच इष्ट. तेथे मूल इतरांसारखे विद्यार्थी होते. मात्र टोळी मध्येच दुसऱ्या फडावर हलते, हे लक्षात घेऊन संस्थेने त्याची वार्ता दोन्ही शाळांना दिली पाहिजे.

गावच्या शिक्षकाचे काम टोळी निघण्यापूर्वी सुरू होते. कोण जाणार, कोणत्या कारखान्यास व कोणत्या मुकादमाबरोबर, याची यादी करावी. मूल कोणत्या पाठापर्यंत आले, वाचन व गणितात कोठे अडते, हे चार ओळींत लिहून पालकांजवळ द्यावे व एक प्रत संस्थेकडे पाठवावी. दाखला मागितल्यास तो तत्काळ द्यावयाचा आहे. विलंब करणारा मुख्याध्यापक कलम ५ अन्वये शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. उलट दाखला आलेला नाही म्हणून कारखान्याजवळच्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. परतताना तेथील शिक्षकाने तशाच चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे गावी धडा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागत नाही.