स्वखर्चाने पुस्तक काढताय? आधी पट्टी मांडा

मार्केट यार्डात माल विकला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. वरचा भाव कितीही चांगला दिसो. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन खाली उरतो तोच आकडा खरा. स्वतःचं पुस्तक स्वतः छापू पाहणाऱ्याने अशीच पट्टी छापखान्यात जाण्याआधी मांडावी.

पुण्याच्या मार्केट यार्ड परिसरात लिहिण्याजोगं पुष्कळ आहे. नाना-भवानी पेठेतला भुसार बाजार गुलटेकडीला आला, तो काळ पाहिलेले आडते आहेत. १९५५ साली बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि १९६९चा माथाडी कायदा घरातल्या गोष्टींसारखे ऐकत वाढलेली कुटुंबं आहेत. ही पुस्तकं आलीच पाहिजेत. पण त्यापायी घरातली पुंजी अडकून पडता कामा नये.

खर्चाचा नमुना

१६० पानांचं, डेमी आकाराचं, आत एका रंगात छापलेलं आणि रंगीत मुखपृष्ठाचं पुस्तक धरू. प्रती ५००. खालचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. किमान तीन छापखान्यांतून दरपत्रकं आणा आणि त्यांचे आकडे इथे घाला.

- अक्षरजुळणी व मांडणी, पानाला ४० रुपये : ६,४००
- संपादन, पानाला ६० रुपये : ९,६००
- मुद्रितशोधन, दोन वाचनं, पानाला २५ रुपये : ४,०००
- मुखपृष्ठ : ५,०००
- कागद, छपाई, बांधणी, प्रतीला ८० रुपये : ४०,०००

एकूण ६५,००० रुपये. यातले पहिले २५,००० रुपये एक प्रत छापा की हजार, लागणारच. पैसे वाचवायला लोक नेमकं संपादन आणि मुद्रितशोधन गाळतात. तसं करू नका. प्रकाशकाकडे हे काम आपोआप होतं. इथे ते करून घेणारे तुम्हीच.

पानांच्या संख्येवरही लक्ष ठेवा. पुस्तक सहसा सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं. १६० पानं म्हणजे नेमके दहा फर्मे. मजकूर १६३ पानांवर गेला की तीन पानांसाठी जादा फर्म्याचा किंवा त्याच्या भागाचा खर्च येतो. अशा वेळी मांडणी थोडी आवळून घ्या.

विक्रीनंतर हाती काय

छापील किंमत २५० रुपये ठेवली. दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के सवलत धरली, तर प्रतीमागे १५० रुपये येतात. तेही बहुधा माल विकला गेल्यावर, काही महिन्यांनी. ओळखीच्यांना तुम्ही स्वतः २० टक्के सवलतीत विकलं तर २०० रुपये मिळतात.

आता ५० प्रती भेट, अभिप्राय आणि ग्रंथालयांसाठी गेल्या. उरलेल्या ४५०पैकी २०० थेट आणि २५० दुकानांतून, अशा सगळ्या विकल्या गेल्या, तर जमा ७७,५०० रुपये. खर्च वजा जाता उरले १२,५००. प्रकाशकाने १० टक्के मानधनावर याच ४५० प्रती विकल्या असत्या, तर खिशातून काही न घालता ११,२५० रुपये मिळाले असते.

म्हणजे पहिल्या आवृत्तीत फायद्यासाठी स्वतः छापण्यात अर्थ नाही. फायदा आहे तो दुसऱ्या आवृत्तीत: सुरुवातीचे २५,००० पुन्हा लागत नाहीत, आणि विक्री तशीच झाली तर हाती ३७,५०० राहतात. शिवाय हक्क, किंमत आणि पुन्हा छापण्याचा निर्णय तुमच्याकडेच राहतो.

फक्त १०० प्रती खपल्या तर?

हा प्रश्न आधी विचारा. ५०० छापून १०० थेट विकल्या, तर २०,००० रुपये आले, ४५,००० अडकले आणि ४०० प्रती घरात राहिल्या. अशी एक प्रत साधारण १९० ग्रॅमची. ४०० प्रती म्हणजे ७५ किलोंच्या वर कागद, ओल आणि वाळवीपासून जपायचा.

तेच डिजिटल छपाईत १०० प्रती काढल्या, तर प्रतीला १४० रुपये धरूनही एकूण खर्च ३९,००० होतो. सगळ्या विकल्या तर तूट १९,०००. दर महाग, पण नुकसान निम्म्याहून कमी, आणि मागणी आली की पुन्हा छापता येतं.

कोणत्या पुस्तकासाठी कोणती वाट

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील, तर ५० ते १०० डिजिटल प्रती पुरेत. तो कुटुंबाचा ठेवा आहे, त्याकडून परतफेडीची अपेक्षा नको. मसाल्याची पारख, फुलांची काढणी-बांधणी, धान्याची साठवण अशा कामाच्या विषयावर तुम्हाला ओळखणारे ग्राहक असतील, तर स्वतः छापणं खरोखर फायद्याचं. कादंबरी किंवा कवितासंग्रह असेल, तर आधी प्रकाशकांना दाखवा; अनोळखी वाचकापर्यंत पोचण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते. पहिलंच पुस्तक असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचीही चौकशी करा.

कागदपत्रं आणि टपाल

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. कुणी त्यासाठी पैसे मागितले, तर ते त्याच्या कामाचे असतील, सरकारी शुल्क नव्हे. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा होतो. नोंदणी ऐच्छिक असून साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. छपाईच्या दरात मात्र तो धरला आहे का, ते विचारा.

१९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक. स्वतः छापता तेव्हा प्रकाशक तुम्हीच. या चार प्रतींची कंजुषी करू नका. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, प्रती अवघ्या ५००. ते विस्मरणात गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित केल्यावर मराठी वाचकांना गवसलं. प्रत कुठेतरी टिकली, तरच पुस्तकाला असा दुसरा जन्म मिळतो.

टपालाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिराती नकोत. शेजारच्या गाळेवाल्यांच्या जाहिराती घेऊन खर्च भरून काढायचा बेत असेल, तर ही सवलत हातची जाईल, हे धरून चाला.

पैसे घेऊन छापून देणारे

‘सगळं आम्ही करतो’ म्हणणाऱ्यांकडून पाच गोष्टी लेखी घ्या: हक्क कुणाकडे, आयएसबीएन कुणाच्या नावावर, नेमक्या किती प्रती तुमच्या ताब्यात, विक्रीचा हिशेब कधी, आणि मांडणीची ओपन फाइल मिळणार का. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका. मजकूर युनिकोडमध्येही मागा. जुन्या फॉण्टमधली जुळणी पुढे ई-पुस्तक करताना पुन्हा खर्चात पाडते.

निर्णय कसा घ्याल

छपाईआधी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा आणि पैसे घेऊनच नावं नोंदवा. ‘नक्की घेतो’ असं तोंडी सांगणारे मोजू नका. २०० जणांचे पैसे जमले तर या हिशेबात ४०,००० रुपये, म्हणजे ५०० प्रतींच्या छपाईचा खर्च, आधीच उभा राहतो. मग ५०० प्रतींच्या ऑफसेट छपाईला जा. तेवढे जमले नाहीत, तर १०० डिजिटल प्रती काढा आणि त्या संपेपर्यंत पुढची रक्कम गुंतवू नका.