पाठ 7 : ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचे की थांबायचे?

समजा, जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याजवळ एका कापडाच्या दुकानात तुम्ही हिशेब सांभाळता. घरखर्च महिन्याला 14,000 रुपये. तो भागवून 2,900 रुपये उरतात. बचत खात्यात 42,000 रुपये साठले आहेत. एके रात्री जेवताना कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, “बाबा, संगणकातलं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, नवे गेम अडखळतात. नवं 32,000 ला मिळतंय. पैसे तर खात्यात आहेतच!”

हौस वाईट नसते आणि मुलाला गप्प करणे हे उत्तरही नव्हे. त्याला सोबत घ्या, कागद-पेन्सिल घ्या आणि पुढचा हिशेब दोघे मिळून करा. कार्डाच्या जागी मोबाइल किंवा फ्रिज असला, तरी रीत हीच.

1. खात्यातले सगळे पैसे मोकळे नसतात

घरात निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. 14,000 गुणिले 3 म्हणजे 42,000. तुमच्या खात्यात नेमके तेवढेच आहेत. म्हणजे पासबुकात 42,000 दिसत असले, तरी कार्डासाठी त्यात आज एक रुपयाही नाही. त्यातून कार्ड घेतले, तर उरतील 10,000. पुढच्याच महिन्यात कोणी आजारी पडले किंवा दुकानाचा पगार लांबला, तर उसने मागावे लागेल. कार्ड विकून पैसे उभे करू म्हणाल, तर आठवा: शेजारच्या सराफ्यातले सोने अडचणीला मोडता येते, गहाण ठेवता येते. कार्डाचे तसे नाही. पेटी फोडली की ते जुने झाले.

2. खरोखर कार्डच हवे आहे का?

गेम अडखळतो म्हणजे दोष कार्डाचाच असेल असे नाही. आधी बिनखर्चाचे उपाय करा. संगणक बंद करून पंख्यांत साचलेली धूळ काढा; तापलेले कार्ड आपोआप मंद चालते. कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. गेममधली चित्राची प्रत सर्वांत वरच्या पायरीवरून एक-दोन पायऱ्या खाली आणा.

मग मॉनिटर पाहा. 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 पेक्षा जास्त चित्रे दाखवूच शकत नाही. आजच 55 मिळत असतील, तर नव्या कार्डाचा बराचसा जोर वाया जाईल. उलट आज 25 मिळत असतील, तर मुलाची तक्रार रास्त आहे. जुना पॉवर सप्लाय नव्या कार्डाला पुरेल का, हेही आधीच विचारा. तो बदलावा लागला, तर 32,000 वर आणखी काही हजार चढतात.

3. थांबण्याची किंमत आकड्यात मांडा

कार्ड हवेच, असे ठरले. आता दोन मार्ग. समजा, हप्त्यांवर व्याज 16 टक्के आणि बँकेच्या आवर्ती ठेवीवर 6.5 टक्के आहे.

*पहिला मार्ग: आज हप्त्यांवर.* क्रेडिट कार्डावर 12 हप्ते केले, तर हप्ता सुमारे 2,903 रुपये. वर्षभरात व्याज सुमारे 2,841. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 511. प्रक्रिया शुल्क 200 धरले, तर करासह 236. एकूण खर्च सुमारे 35,590 रुपये.

*दुसरा मार्ग: आधी साठवून.* दरमहा 2,900 रुपये आवर्ती ठेवीत भरले, तर वर्षाअखेर 34,800 जमा होतात आणि व्याजासह सुमारे 36,000 हाती येतात. 32,000 चे कार्ड घेऊन 4,000 उरतात. तुमचा निव्वळ खर्च 30,800 रुपये.

दोन्हींत फरक सुमारे 4,800 रुपयांचा. म्हणजे कार्ड वर्षभर आधी घरात आणण्याचे हे महिन्याला 400 रुपये भाडे झाले. आता मुलाला विचारा, “हे भाडे द्यायचे का?” मुलगा त्याच संगणकावर व्हिडिओ संपादनाची कामे करून चार पैसे मिळवत असेल, तर उत्तर ‘हो’ असू शकते. फक्त खेळायचे असेल, तर बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणेल, “थांबू या.”

हप्त्यांच्या मार्गात आणखी एक धोका आहे. वर्षभर तुमचे उरलेले सगळे पैसे हप्त्यातच जातात. एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरता आले नाही, तर उरलेल्या रकमेवर क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत लागते. ते वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला, तर फार तर किरकोळ दंड बसतो.

4. ‘बिनव्याजी’ हप्ते

शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. अशा योजनेत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: “रोख दिले तर कितीला द्याल?” रोख आणि हप्त्यांच्या किमतीत जो फरक निघेल, तेच तुमचे व्याज.

5. पण भाव वाढला तर?

हा प्रश्न योग्य आहे. भावाचा रोख दोन्हीकडे असू शकतो. 2020-21 मध्ये टाळेबंदी, मालाची टंचाई आणि आभासी चलन ‘खणणाऱ्यांची’ खरेदी एकत्र आली. कार्डे छापील किमतीपेक्षा कितीतरी महाग विकली गेली. “आत्ता नाही घेतले तर मिळणारच नाही,” या भीतीने अनेकांनी घेतली. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्डांची गरजच संपली. खणणाऱ्यांची वापरलेली कार्डे बाजारात आली आणि भाव उतरले. घाईने घेणाऱ्यांचे नुकसान झाले.

याउलट 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिप महागल्या. कार्डावरही मेमरी असतेच. तेव्हा ‘थांबले की स्वस्तच होते’ हाही नियम नव्हे.

भविष्य सांगता येत नाही, पण मर्यादा काढता येते. आपल्या उदाहरणात वर्षभराने तेच कार्ड 36,800 रुपयांना मिळाले, तर दोन्ही मार्ग सारखे पडतात. त्याहून कमी भाव राहिला, तर थांबणारा फायद्यात. म्हणजे भाव 15 टक्के वाढला, तरी थांबण्यात तोटा नाही. शिवाय भाव फारच चढला, तर हातात 36,000 रोख असतात. दुसरे मॉडेल घेता येते किंवा बेतच बदलता येतो. हप्ते चालू असणाऱ्याला ही मोकळीक नसते.

6. खरेदीच्या दिवशी

बड्या फुहाऱ्यावर साडी घेताना आपण चार दुकाने फिरतो. इथेही फिरा. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्या. बिल नसेल तर हमीच्या वेळी अडचण येते. वापरलेले कार्ड घ्यायचे असेल, तर ते समोर चालवून पाहा आणि हमी किती उरली ते विचारा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

लक्षात ठेवा

- तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम हौसेसाठी मोडू नका.
- आधी फुकटचे उपाय, मग खरेदी.
- हप्त्यांचा एकूण खर्च आणि साठवून घेण्याचा खर्च यांतला फरक म्हणजे घाईची किंमत.
- आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप वळता होईल, अशी सूचना बँकेला द्या.

स्वाध्याय

घरात सध्या ज्या वस्तूची चर्चा आहे, तिचे नाव वहीत लिहा. पुढे पाच आकडे मांडा: वस्तूची रोख किंमत, हप्त्यांनी होणारी एकूण किंमत, महिन्याचा घरखर्च, खात्यातली शिल्लक आणि महिन्याला उरणारी रक्कम. शिल्लकेतून तीन महिन्यांचा खर्च वजा करा. जे उरेल, तेवढेच आज मोकळे पैसे. ते पुरत नसतील, तर बाकी रक्कम साठायला किती महिने लागतील ते काढा आणि तो महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाच्याच हाताने लिहून घ्या. तारीख ठरली की थांबणे सोपे जाते.