भीड भिकेची बहीण

'भीड भिकेची बहीण' ही म्हण शाळेत असताना मी अनेकदा लिहिली आणि तिला पूर्ण गुणही मिळवले. पण तिचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी आमच्या घरातच कळला. कर्ज कसे वाढते याची गणिते आपण वर्गात शिकतो. परंतु कित्येकदा कर्ज घ्यावे लागते ते पैसा नसतो म्हणून नव्हे, तर ज्याच्याशी बोलायला हवे त्याच्याशी आपण बोलत नाही म्हणून. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावी एका आडत दुकानात कामाला आहेत. पगार महिना 12,000 रुपये. गेल्या वर्षी जूनमध्ये आईचे ऑपरेशन आणि माझे वसतिगृहाचे पैसे एकदमच पुढे उभे राहिले. अण्णांनी गावातल्या एका सावकाराकडून 20,000 रुपये काढले. दर महिना शेकडा तीन. मला हे ठाऊक नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णांच्या खिशातली छोटी वही हाती लागली. तिच्यात प्रत्येक महिन्यापुढे 600 लिहिलेले होते. असे पाच महिने. म्हणजे 3,000 रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल 20,000 चे 20,000 जागेवरच होते.

त्याच वहीच्या मागच्या पानावर आणखी एक नोंद होती : एप्रिल आणि मे, पगार बाकी, 24,000. शेठ म्हणाले होते, "माल विकला की हिशेब करू." माल विकला गेला, पावसाळा संपला, दिवाळी आली, पण अण्णांनी पुन्हा विषय काढला नव्हता. स्वतःचे 24,000 दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून आम्ही 20,000 व्याजाने आणले होते!

मी रागावलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "ताईच्या लग्नात शेठनंच हात दिला होता. आता त्यांच्याकडं पैसे कोणत्या तोंडानं मागू? आणि उद्या नको येऊ म्हणाले, तर?" या वाक्यांत भीडही होती आणि भीतीही होती. दोन्ही खोटी नव्हती. शहाणपण सांगणे सोपे असते. नोकरी गेली तर चूल अण्णांनाच पेटवायची होती, मला नव्हे. म्हणून मी आधी हिशेब मांडायला बसलो.

शेकडा तीन हा दर कानाला लहान वाटतो, पण वर्षाला तो 36 टक्के होतो. 20,000 वर दरमहा 600 च दिले तर कर्ज कधीच फिटत नाही. 1,000 दिले तर 31 महिने लागतात आणि एकूण सुमारे 31,000 रुपये जातात. तेच 1,500 दिले तर अठराव्या महिन्यात कर्ज संपते आणि एकूण सुमारे 25,900 रुपये जातात. महिन्याला पाचशे जास्त दिल्याने पाच हजारांवर व्याज वाचते. यावरून पहिला धडा असा की, व्याज भरणे म्हणजे कर्ज फेडणे नव्हे. मुद्दल उतरले तरच कर्ज उतरते. आणि एकापेक्षा जास्त कर्जे असतील तर ज्याचा दर सर्वांत जड, त्याचे मुद्दल आधी उतरवावे.

दुसरा धडा कागदाचा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्याजवळच्या कर्जरोख्यांवर व दस्तऐवजांवर होता. वाचता न येणाऱ्या माणसाच्या विरुद्ध तो कागदच बोलत असे. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो, घेतलेल्या पैशांची पावती द्यावी लागते आणि मुद्दलापेक्षा अधिक रक्कम व्याज म्हणून वसूल करता येत नाही. जुना दामदुपटीचा नियम तो हाच. तक्रार असल्यास सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पगाराबाबतही 2019 च्या वेतन संहितेत तरतूद आहे : महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत मिळाला पाहिजे आणि पगारातील एकूण कपात निम्म्याहून अधिक होता कामा नये. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापेक्षा आपण भाग्यवान आहोत. पण वाचता येत असून न वाचणाऱ्याला त्या भाग्याचा उपयोग काय?

तरीही कायद्याचे पुस्तक घेऊन शेठपुढे उभे राहणे अण्णांना शक्य नव्हते, आणि शहाणपणाचेही नव्हते. त्यांना नोकरी टिकवून बोलायचे होते. म्हणून आम्ही ओट्यावर बसून तालीम केली. मी शेठ झालो. पहिल्या खेपेला अण्णा म्हणाले, "शेठ, रागावणार नसाल तर... म्हणजे सवड असेल तर..." आणि गप्प झाले. आई दारातून म्हणाली, "भीक मागायला चाललाय का?" मग आम्ही वाक्ये ठरवली. ती अशी : "शेठ, एप्रिल-मेचा माझा 24,000 पगार आपल्याकडे आहे. मी बाहेरून 20,000 काढलेत, त्याला महिना 600 व्याज पडतंय. मला या आठवड्यात 12,000 द्या आणि बाकीचे कोणत्या तारखांना मिळतील ते सांगा."

या तीन वाक्यांत आमचे सारे शास्त्र आले. बोलणे गिऱ्हाइकांसमोर नको, दुकान बंद होताना एकट्याने करावे. एका वेळी एकच विषय काढावा. जुने उपकार वा जुन्या तक्रारी मध्ये आणू नयेत. आकडा स्पष्ट सांगावा. आणि मागून झाल्यावर थांबावे; समोरचा गप्प राहिला म्हणून आपणच "जाऊ द्या, नंतर बघू" असे म्हणू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड.

पाडव्यानंतर अण्णा बोलले. शेठ प्रथम म्हणाले, "बाजारात पैसा अडकलाय." अण्णांनी विचारले, "मग कोणती तारीख धरू?" इतक्या वर्षांत त्यांनी शेठला विचारलेला हा पहिलाच असा प्रश्न असावा. आठ दिवसांनी 12,000 मिळाले. उरलेले डिसेंबरपासून 3,000 च्या चार हप्त्यांत द्यायचे ठरले. अण्णांनी ते तारखांसह वहीत लिहून शेठना दाखवले. सावकाराला त्या महिन्याचे व्याज वेगळे देऊन 12,000 मुद्दलात जमा केले आणि तसे त्याच्या सहीने लिहून घेतले. राहिले 8,000. फेब्रुवारीच्या हप्त्याबरोबर तेही संपले. मार्चचे 3,000 रुपये कोणाच्याही हातावर न ठेवता अण्णा घरी घेऊन आले.

सगळे गोडच झाले असे मात्र नाही. महिनाभर शेठ अण्णांशी कामापुरतेच बोलत. तो अबोला अण्णांना सावकाराच्या तगाद्यापेक्षाही अधिक लागला. पुढे तो आपोआप सुटला. स्पष्ट बोलण्याचीही किंमत असते. पण ती एकदाच द्यावी लागते. न बोलण्याचे व्याज मात्र दरमहा चढते.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकजण सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकान, पंप किंवा मेस सांभाळतात. काहीजण मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज घेतात. ते घेण्यापूर्वी सर्व शुल्क धरून वर्षाचा दर किती, हे विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हा आकडा कर्ज घेणाऱ्याला आधी सांगावाच लागतो. आणि त्याहीपूर्वी स्वतःला विचारा : माझे स्वतःचे पैसे कोणाकडे अडकले आहेत का, आणि मी ते मागितले आहेत का?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अण्णा म्हणतात, शिक्षणाने माणसाला बोलता येते. मला वाटते, मी फक्त आकडे मांडले. बोलले ते अण्णाच. ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्या नव्या पानावर मी माझा स्वतःचा हिशेब लिहायला सुरुवात केली आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)