न संपणारा मदतनीस

पोटॅशियम क्लोरेट तापवले की ऑक्सिजन मिळतो. पण त्याला खूप उष्णता द्यावी लागते. त्यात थोडा मँगनीज डायऑक्साइड मिसळला, तर कमी उष्णतेतही वायू भराभर बाहेर पडतो. गंमत पुढेच आहे. प्रयोग संपल्यावर हा मँगनीज डायऑक्साइड धुऊन, गाळून, वाळवला, तर त्याचे वजन पूर्वीइतकेच भरते!

अशा पदार्थाला मराठीत ‘उत्प्रेरक’ म्हणतात. उर्दूत आपण त्याला ‘अमल-अंगेज’ म्हणतो. सोयरीक जुळवणारी बाई दोन घरांना जवळ आणते, पण स्वतः कोणत्याच घरची होत नाही. उत्प्रेरकाचे तसेच आहे. १८३५ मध्ये बर्झेलियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने या क्रियेला प्रथम नाव दिले.

पुण्यात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञ अनेक वर्षे उत्प्रेरकांवर संशोधन करीत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी एक बस लोकांसमोर आली. ती केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी मिळून तयार केली होती. ही प्रयोगशाळा त्याच परिषदेची आहे.

या बसमध्ये ‘इंधन-घट’ असतो. त्याच्या एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये पातळ पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचे अतिशय बारीक कण असतात. हाच येथला उत्प्रेरक. या कणांवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र पडदा वाट देत नाही. ते तारेतून वळसा घालून जातात. हीच वीज! पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी तयार होते. धूर नाही, राख नाही.

मग अशा बस सगळीकडे का दिसत नाहीत? एक कारण म्हणजे प्लॅटिनम फार महाग आहे. ते कमी कसे लागेल, त्याच्या जागी स्वस्त धातू कसा वापरता येईल, यासाठी जगभरचे रसायनशास्त्रज्ञ झटत आहेत. दुसरे कारण, आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढतात. तेव्हा धूर गाडीतून निघत नाही, पण कारखान्यातून निघतोच. सूर्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला, तर तो खरा स्वच्छ. त्यासाठीही चांगला उत्प्रेरक हवाच.

आपल्या सोलापूरजवळ फताटेवाडीला कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. तेथे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्या डोक्यावर तापणाऱ्या उन्हाला मात्र ना कोळसा लागतो, ना धुराडे. त्या उन्हाचे इंधन करणारा स्वस्त उत्प्रेरक अजून शोधायचा आहे. तो शोधणारा हात तुमच्यापैकी कोणाचा असेल का?

शब्दार्थ : झटणे – खूप मेहनत करणे, वळसा घालणे – लांबच्या वाटेने जाणे, सोयरीक – रिश्ता.

स्वाध्याय
१. उत्प्रेरकाला ‘न संपणारा मदतनीस’ का म्हटले आहे?
२. इंधन-घटात वीज कशी तयार होते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘गाठ पडणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.