सुट्टीतील पाठ : समुद्रकाठचा एक दिवस

खानापूरच्या मुलांस समुद्र ठाऊक असतो तो मासळीवाल्याच्या बर्फातील बांगड्यांवरून, आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावरून. गेल्या एप्रिलमध्ये शब्बाथशाळेत आम्ही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पाचव्या दिवसाचा पाठ घेत होतो. समुद्रातील प्राणी कोणी पाहिले आहेत असे विचारताच निम्म्या वर्गाने डॉल्फिनचे नाव घेतले. परदेशातील एखाद्या जलचर उद्यानात नाकावर चेंडू झेलून उडी मारणारा डॉल्फिन त्यांनी पाहिला होता. आमच्या घरच्या दोघांनी तर हट्टच धरला की, मे महिन्यात तेथेच न्यावे.

मुलांस खरे ते सांगावे म्हणून आम्ही थोडी माहिती काढली. डॉल्फिनचे खेळ दाखविणारे पहिले मोठे उद्यान अमेरिकेत फ्लोरिडा येथे १९३८ साली उघडले. आपल्याकडे १९९८ साली चेन्नईजवळ असा प्रयत्न झाला. बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले, पण ते काही महिन्यांतच मेले. पुढे १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशा उद्यानांस परवानगी देऊ नये असे राज्यांस कळविले. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी येथे ‘सी वर्ल्ड’ नावाचा मोठा प्रकल्प योजिला होता, त्यासही ग्रामस्थांनी विरोध केला. आमच्या पिढीतील पुष्कळांनी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले आहे. ते १९५१ साली सुरू झाले, पण तेथे काचेआड मासे असत, खेळ नसत.

तेव्हा आम्ही मालवणला जाण्याचे ठरविले. तेथील समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. मुलांचे समाधान झाले नाही, पण अभयारण्य हा शब्द मोठा असल्यामुळे त्यांनी तो मान्य केला.

बेळगाव, आंबोली, सावंतवाडी असे करीत आम्ही सायंकाळी पोहोचलो. सोबत आजी होत्याच. येथे शिक्षकबंधुभगिनींस एक गोष्ट सांगावीशी वाटते. समुद्र दाखवावयाचा तर कॅलेंडरात तिथी पाहून निघावे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी फारसे हटत नाही. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर मोठी ओहोटी साधारणपणे पहाटे व सायंकाळी येते. आम्ही अमावास्येनंतरच्या दिवशी गेलो होतो, म्हणून पहाटे अंधारातच सर्वांस उठविले. आजी म्हणाल्या, “नाताळच्या पहाटेला तरी एवढ्या लवकर उठतात का ही!”

रॉक गार्डनखालचे खडक उघडे पडले होते. खाचखळग्यांत पाणी साचून राहिलेले, आणि त्या प्रत्येक खळग्यात वस्ती. खडकास चिकटलेली कालवे, बोट लावताच मिटून घेणारी समुद्रफुले, पाण्याखाली तपकिरी दिसणारे प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, असंख्य लहान प्राण्यांची वसाहत होय, हे मुलांस पटेना. मग एक शंख चालू लागला. आत खेकडा होता. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ असते व त्यावर कवच नसते, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आमच्या धाकटीने तो उचलला. कालवे काढीत बसलेली एक बाई लगेच म्हणाली, “बाये, ता जित्ता आसा. थंयच ठेव गो.” तिने ठेवला. मोठ्याच्या तोंडून मात्र त्या दोन तासांत डॉल्फिनचे नाव निघाले नाही, ही आमच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

ते निघाले नावेत बसल्यावर. किल्ला पाहून झाल्यावर नाववाल्याने डॉल्फिन दाखवितो म्हटले. किनाऱ्याजवळच्या पाण्यात राहणारे, पाठीवर उंचवटा असलेले हे डॉल्फिन खरोखरच दिसले. तीन पाठी वर आल्या, फुस्स असा श्वास ऐकू आला, आणि त्या खाली गेल्या. डॉल्फिन मासा नव्हे. तो पिल्लास दूध पाजतो व श्वास घेण्यास त्याला वर यावेच लागते. तोवर आणखी दोन नावा आल्या आणि तिन्ही नावांनी त्यांना घेरले. नाववाला थांबावयास तयार होता. “आणखी जवळ घ्या, वर पैसे देऊ,” असे म्हणणारे आम्हीच होतो. ज्या उद्यानावर आम्ही मुलांस महिनाभर व्याख्यान दिले, तेच आम्ही इंजिन लावून उघड्या समुद्रात करीत आहो, हे लक्षात यावयास बराच वेळ लागला. ते पुन्हा दिसले ते फार दूर.

परतीच्या बसमध्ये चढताना धाकटीची पाण्याची बाटली आम्ही हातात घेतली. आत समुद्राचे पाणी होते आणि तळाशी शंख. पुन्हा केव्हातरी तिने तो उचलला होता. बस सुटावयास पाचेक मिनिटे होती, मूल थकलेले, रडेल ही भीती. आम्ही झाकण लावून बाटली तिला परत दिली. रात्री घरी आलो. सकाळी पाहिले तो खेकडा शंखाबाहेर येऊन पडला होता. कोंडलेल्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू संपला की तो आपले घरही सोडतो.

त्या रविवारी तिने ही हकिगत वर्गात स्वतःच सांगितली. पाचव्या दिवसाचा पाठ आपण बहुधा घाईने उरकतो, कारण सहाव्या दिवशी मनुष्य यावयाचा असतो. आम्ही तो पुन्हा काढला. पवित्र शास्त्रात देवाने आशीर्वाद दिल्याचे आपण प्रथम वाचतो, ते मनुष्याविषयी नव्हे, तर जलचर व पक्षी यांच्याविषयी (१:२२). मनुष्यास आशीर्वाद मिळतो तो त्यानंतर (१:२८). त्याच ठिकाणी त्याला सत्ताही मिळते, आणि त्या सत्तेच्या यादीत सर्वांत आधी येतात समुद्रातील मासेच. म्हणजे जे आधीच आशीर्वादित आहे, तेच आपल्या हाती दिलेले आहे. ही दोन वचने फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली व मुलांस बोलू दिले.

एक मुलगा म्हणाला, “सर, खेकडाच तर होता. आपण खातोच की.” प्रश्न योग्य होता. योहानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर भाजलेली मासळी आहे, शिष्यांतले कित्येक कोळीच होते. तारकर्लीच्या वाटेवर आम्ही रापण ओढताना पाहिली होती. दोन्ही टोकांस माणसे दोर ओढीत होती. मिळेल त्याचा वाटा त्या सर्वांचा. खाण्यासाठी मारणे आणि गंमत म्हणून नेऊन विसरणे यांत अंतर आहे, असे आम्ही सांगितले. मुलाला पटले. धाकटीने विचारले, “पण तुम्ही बाटली बघितली होती ना?”

आम्ही “हो” म्हणालो. वर्गासमोर हे म्हणणे सोपे नव्हते, पण दुसरे उत्तर नव्हते.

मग तिने रिकामा शंख मलप्रभेत सोडावा म्हणजे तो समुद्रास मिळेल, असे सुचविले. आम्ही नकाशा उघडला. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीस उगम पावते खरी, पण ती पूर्वेस जाते. वाटेत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचे धरण, पुढे कूडलसंगम येथे कृष्णा, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागरास. म्हादई मात्र, तीही आपल्याच तालुक्यातील, पश्चिमेस वळते व मांडवी होऊन पणजीस अरबी समुद्रास मिळते. आपल्या दारचे पाणी दोन समुद्रांस जाते, हे वर्गातील कोणासच ठाऊक नव्हते. मोठ्याने म्हादईचा आग्रह धरला, पण एवढ्या धबधब्यांतून शंख शाबूत राहणार नाही असे ठरले.

शंख सध्या शब्बाथशाळेच्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी आहे. तो दुसऱ्या एखाद्या खेकड्यास घर म्हणून चालेल. येत्या मे महिन्यात अमावास्येच्या सुमारास वर्गातील मुले मालवणला न्यावयाची आहेत. शंख कोणी धरावयाचा यावर आतापासूनच भांडण आहे.