लोणी बाजारात, ताक घरात



लोणी-तूप विकायचं आणि घरच्यांनी ताकावर भागवायचं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना समजावून सांगायला नको. युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंड देशातल्या शेतकरी बायकांनीही पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. लोण्याच्या पैशातून जमीनदाराचा खंड भरायचा. कॉर्क शहराचा लोणीबाजार तर एकोणिसाव्या शतकात जगभर नावाजलेला. घरात उरायचं ताक आणि बटाटा.

बटाटा म्हणजे तोंडी लावायला नव्हे, तेच जेवण. थोड्या जमिनीत भरपूर येते म्हणून गरिबांनी मुख्यतः ‘लंपर’ ही एकच जात लावलेली. 1845 मध्ये करपा आला आणि शेतंच्या शेतं काळी पडली. पुढच्या काही वर्षांत भुकेनं आणि साथीनं सुमारे 10 लाख माणसं गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. आणि त्याच काळात तिथलं धान्य, लोणी जहाजांनी इंग्लंडला जातच होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटूनच ठेवलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खायचा सोडा तिथल्या घरांत पोचू लागला आणि ताकाचा ब्रेड आला. तिथला गहू मऊ, यीस्टनं नीट फुगत नाही. पण ताकाचा आंबटपणा सोड्याला लागला की वायू सुटतो आणि पीठ फुलतं. अर्धा किलो पीठ, सपाट चमचाभर सोडा, चमचाभर मीठ आणि लागेल तसं दाटसर आंबट ताक, साधारण 400 मिली. कणकेसारखं मळायचं नाही हं! मळलं की दगड होतो. हलक्या हातानं गोळा करायचा, आतपर्यंत भाजावा म्हणून सुरीनं वर खोल फुली मारायची आणि वायू निघून जायच्या आत लगेच भाजायला ठेवायचा. ओव्हन कुठला? जाड लोखंडी भांडं विस्तवावर आणि झाकणावर निखारे. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

सणाच्या ब्रेडमध्ये मनुका पडतात. 31 ऑक्टोबरच्या ब्रेडमध्ये अंगठीही लपवतात, जिला मिळेल तिचं लग्न लवकर.

मला मात्र आवडला तो 6 जानेवारी, बायकांचा नाताळ. नाताळभर राबलेल्या बायकांनी त्या दिवशी एकमेकींकडे जाऊन चहा-केक खायचा, घरकाम पुरुषांनी करायचं. कॉर्क आणि केरी भागात अजून पाळतात. आपल्याकडे उपास आपला आणि खिचडीही आपणच टाकायची, असं का, हे मी आईला विचारलं. ती नुसती हसली.